सकाळी भडंग की भाकरी-उसळ?

विश्रामबागेत खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा भाचा विचारत होता, "मामी, सकाळी चहा-भडंग खाऊ की मेसची भाकरी-उसळ? वाचायला बसलं की झापड येते."

वेळेच्या बाबतीत भडंग सरस. डबा उघडला, वाटी भरली, झालं. मेसमध्ये रांग ठरलेली.

पोट किती वेळ धरतं, इथे मात्र मोठा फरक आहे. उपाशीपोटी जठरातून घ्रेलिन हे भुकेचं हार्मोन सुटतं आणि मेंदूला भूक कळते. उसळीच्या मटकीतली प्रथिनं आणि फोडणीचं तेल लहान आतड्याच्या सुरुवातीला पोचलं, की कोलेसिस्टोकायनिन हे पोट भरल्याचं कळवणारं हार्मोन सुटतं. पोटापासून मेंदूपर्यंत जाणाऱ्या व्हेगस नर्व्हमार्फत मेंदूला निरोप जातो, आता पुरे. न पचलेले तंतू मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात, त्यातून जीएलपी-१ आणि पीवायवाय या भूक शमवणाऱ्या हार्मोन्सनाही चालना मिळते. भडंगाच्या चुरमुऱ्यातल्या स्टार्चची मात्र साखर झटपट होते. शेंगदाणे थोडं सावरून घेतात, पण वाटीत ते असतात किती?

झापडेबद्दल: मेंदूतल्या ओरेक्सिन पेशी आपल्याला जागं ठेवतात. उंदरांवरच्या प्रयोगांत ग्लुकोजने त्या मंदावल्या, प्रथिनांतल्या अमिनो आम्लांनी चेतल्या. माणसाला हे जसंच्या तसं लावता येणार नाही, तरी मी उसळीकडेच झुकते.

दुपारपर्यंत सलग बसायचं असेल तर भाकरी एक आणि उसळ दोन वाट्या. संध्याकाळच्या तासाभराच्या उजळणीला भडंग चालेल, वरून मूठभर शेंगदाणे टाकून.