मूक रोमँटिक कॉमेडीच्या डिस्क, आठ महिन्यांनंतर

आधी माझी चूक सांगतो. मूकपटांतला विनोदी हिरो हॅरॉल्ड लॉइडच्या 'गर्ल शाय' (१९२४) ची एक स्वस्तातली डीव्हीडी मागवली, कंपनीचं नाव घेत नाही. चित्र धुरकट, मागे एकच पियानो लूपवर आणि माणसं तुरुतुरु पळतायत, मला वाटलं जुने सिनेमे असेच असणार. मग चांगल्या प्रिंटची ब्लू-रे घेतली आणि अक्षरशः वेगळाच सिनेमा बघितला राव.

तेव्हा कॅमेरा हाताने फिरवायचे, वेग ठरलेला नसायचा, त्यामुळे सगळं सरसकट आजच्या सेकंदाला २४ फ्रेमने चालवलं की नजरानजरसुद्धा धावपळीत होते. शेवटी हिरो लग्न थांबवायला मोटारी, घोडागाडी, ट्राम जे मिळेल ते पकडून धावतो तिथे वेग हवाच, पण ट्रेनमध्ये तोतऱ्या हिरोची आणि हिरोइन जोबायना राल्स्टनची पहिली भेट होते तिथे थांबायला हवं ना! म्हणून आमच्यासारखे लोक एकाच सिनेमाच्या दोन-दोन डिस्क घेऊन बसतात, बायकोला हे अजून पटलेलं नाही.

आईला मधे मधे येणाऱ्या संवादांच्या इंग्रजी पाट्या वाचता येत नाहीत, मी मराठीत वाचून दाखवतो. तिचा आवडता मेरी पिकफोर्डचा 'माय बेस्ट गर्ल' (१९२७), दुकानातली मुलगी आणि तिथे नाव लपवून कामाला लागलेला मालकाचा पोरगा, दोघं मोठ्या खोक्यात बसून डबा खातात तो सीन तिने तीनदा लावायला लावला. हिरो बडी रॉजर्सशी पिकफोर्डने १९३७ मध्ये खरंच लग्न केलं हे सांगितल्यावर म्हणाली, मला वाटलंच होतं.

क्लारा बो चा 'इट' (१९२७) पण घ्या, गॅरी कूपर एका छोट्या रोलमध्ये दिसतो.

त्रास म्हणजे रीजन, म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल त्याचा कोड. अमेरिकेतल्या बऱ्याच डिस्क रीजन ए च्या, आपलं रीजन सी, माझा जुना प्लेअर त्या घेईचना, शेवटी सगळे रीजन चालणारा घ्यावा लागला, तो खर्च आधीच धरा. स्वस्त नाहीच हे प्रकरण. पण अमेरिकेत साधारण ११ हजार मूक फीचर फिल्म निघाल्या आणि मूळ रूपात पूर्ण उरल्या जेमतेम १४ टक्के, हे वाचल्यापासून चांगली प्रिंट दिसली की हात आवरत नाही. दिग्दर्शक लुबिचचा 'द मॅरेज सर्कल' कार्टमध्ये पडलाय, पगाराची वाट बघतोय.