भिंतीवरचं कालनिर्णय की फोनमधलं कॅलेंडर?

ऑफिस, सातवीतला मुलगा, सासूबाईंचा मधुमेह आणि सोसायटीचं सेक्रेटरीपद (दुसरं कोणी घेईना म्हणून गळ्यात पडलेलं) एवढ्या आघाड्या मी सांभाळते. डोंबिवली-सीएसएमटी जाऊन-येऊन तीन तास वेगळेच. वेळ मार्गी लावायच्या बऱ्याच पद्धती वापरून झाल्या. तुम्ही निवडायच्या विचारात असाल, तर माझा अनुभव असा.

चार चौकटींची पद्धत आधी बाजूला ठेवते. 'तातडीचं' आणि 'महत्त्वाचं' यांत फरक करायचा, हा विचार अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १९५४ च्या एका भाषणात मांडला, म्हणून चौकटींना त्यांचं नाव. ऑफिसात उत्तम. घरी मात्र सगळंच पहिल्या, म्हणजे 'तातडीचं आणि महत्त्वाचं' या चौकटीत जाऊन बसतं. त्यांना कुकरच्या शिट्ट्या मोजाव्या लागत नव्हत्या. २५ मिनिटं काम आणि ५ मिनिटं विश्रांती हे पोमोडोरोचं तंत्र मुलाच्या अभ्यासाला छान लागू पडलं. मला घरात सलग २५ मिनिटं मिळतात ती रात्री अकरानंतर.

खरी लढत उरलेल्या दोघांत आहे.

फोनमधलं सामायिक कॅलेंडर पुनरावृत्तीत पक्कं. सासूबाईंची एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची) तपासणी दर तीन महिन्यांनी असते. एकदा नोंद केली की आदल्या दिवशी आठवण येते. लोकलमध्ये उभ्या उभ्या सोसायटीची मीटिंग पुढे ढकलता येते. पण नवऱ्याला नोंद पाठवली म्हणजे काम त्याच्याकडे गेलं, असं समजू नका. शाळेच्या पालकसभेची आठवण दोघांच्या फोनवर एकदमच वाजली आणि दोघांनीही 'दुसरा जाईल' असं धरलं. कोणीच गेलं नाही. तेव्हापासून नोंदीत कामाआधी माणसाचं नाव लिहिते.

कालनिर्णय १९७३ पासून मराठी घरांत आहे, आणि ते टिकलं ते फक्त तिथीसाठी नाही. दूध किती घेतलं, सिलिंडर कधी लावला, कामवाल्या ताईंचे खाडे, सगळं त्याच चौकोनांत. सासूबाई फोन वापरत नाहीत, पण सकाळी चहा घेताना तारीख बघतात आणि 'आज संध्याकाळी तू उशिरा येणार ना गं?' असं स्वतःहून विचारतात. फोनने मला हे कधीच दिलं नाही. शिवाय गौरी-आवाहनाच्या दिवशी मीटिंग ठेवण्याचा माझा घोळ भिंतीकडे बघितलं असतं तर टळला असता. तोटे? घराबाहेर असलं की ते दिसत नाही, ते वाजत नाही, आणि जानेवारीत सगळे वाढदिवस पुन्हा उतरवायचे.

किंमत पाहिली तर दोन्ही जवळपास फुकटच. खरा खर्च नोंदी ठेवणाऱ्या माणसाचा. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांची त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, पुरुषांची ९७. त्यात 'लक्षात ठेवणं' हे काम वेगळं मोजलेलं नाही. म्हणून निवडताना मी एकच गोष्ट बघते: ही नोंद माझ्याशिवाय कोण वाचेल?

एकटे राहत असाल, किंवा दोघंही शिफ्टमध्ये असाल आणि घरात तिसरं कोणी नसेल, तर फोन पुरे. वडीलधारी आणि शाळकरी मुलं घरात असतील तर आधी भिंत. फोनमध्ये फक्त तपासण्या, हप्ते आणि ऑफिस ठेवा. सगळं दोन्हीकडे लिहायच्या फंदात पडू नका. मी दोन महिने तसं केलं, त्यात नुसती दमले.

आमच्याकडे कालनिर्णयाच्या खिळ्याला दोरीने पेन्सिल बांधली आहे. आधी सगळं माझ्याच अक्षरात असायचं. आता सासूबाईंची भिशी त्यांच्या अक्षरात असते, क्रिकेटची प्रॅक्टिस मुलाच्या. नवऱ्याचं अक्षर या महिन्यात एकदाच दिसलं. १४ तारखेला, 'गॅस बुक केला'.