कुरण राखण्यासाठी मिळणारे अनुदान: एका बडोदेकराचा अभिप्राय

बडोद्यात माझा व्यवसाय जमिनींच्या मूल्यांकनाचा, त्यामुळे कोलोरॅडोतील एका गुरांच्या कुरणात भागीदार असलेल्या मेहुण्यांनी तेथील अनुदानाची कागदपत्रे माझ्याकडे वाचायला पाठवली. अमेरिकेच्या कृषी खात्याची ‘अ‍ॅग्रिकल्चरल लँड ईझमेंट’ ही योजना 2014 च्या ‘फार्म बिल’ या शेतीविषयक कायद्यातून आली. तीत जमीन मालकाचीच राहते, गुरे पूर्ववत चरतात, जमीन वारसांना देता येते आणि विकताही येते. फक्त तुकडे पाडून वसाहत उभारण्याचा हक्क सोडावा लागतो (हेच ते ‘ईझमेंट’, म्हणजे जमिनीवरचे बंधन) व त्या हक्काचे पैसे मिळतात.

मूल्यांकनाची पद्धत मला फार पसंत पडली. एकाच जमिनीची किंमत दोनदा काढतात, एकदा मोकळी समजून आणि एकदा बंधनासह. समजा, मोकळी जमीन 20 लाख डॉलरची आणि बंधनानंतर 12 लाखांची ठरली, तर हक्काची किंमत 8 लाख होते; त्यातील निम्म्यापर्यंत रक्कम केंद्र सरकार देते आणि विशेष पर्यावरणीय महत्त्वाच्या गवताळ जमिनीसाठी हे प्रमाण 75 टक्क्यांपर्यंत जाते. उरलेला भाग अन्य निधीतून किंवा मालकाच्या दानातून भरून निघतो. कोलोरॅडोत त्यासाठी लॉटरीच्या उत्पन्नावर चालणारा ‘ग्रेट आउटडोअर्स कोलोरॅडो’ हा निधी आहे, जो 1992 मध्ये मतदारांच्या कौलाने स्थापन झाला. आपल्याकडे बडोद्याच्या भायली-सेवासीच्या बाजूला शेतकऱ्यापुढे जमीन धरून बसणे किंवा एन.ए. करून बिल्डरला देणे, एवढेच पर्याय असतात. मधला, पैसा देणारा पर्याय मी तरी पाहिलेला नाही.

करारासोबतच्या नकाशावर घर, गोठा आणि गवताची छपरी यांभोवती लाल रेघ आहे व नवे बांधकाम तिच्या आतच करायचे आहे. जमिनीच्या आजच्या स्थितीचा छायाचित्रांसह अहवालही जोडलेला आहे आणि दरवर्षीची पाहणी त्याच्याशी ताडून होते. कागद इतका नेटका असला की पुढचे तंटे निम्मे होतात, हे अनुभवाने सांगतो.

तरीही पाचपैकी साडेतीनच गुण देईन. बंधन सामान्यतः कायमचे असते, म्हणून सह्यांपूर्वी पुढच्या पिढीला बसवून विचारणे आवश्यक आहे. शिवाय मालकाला थेट अर्ज करता येत नाही. भूसंवर्धन संस्था किंवा स्थानिक शासनासारखी पात्र यंत्रणा मध्ये लागते. मूल्यांकन, मोजणी आणि वकील यांचा खर्च सरकारी वाट्यात धरला जात नाही, आणि मेहुण्यांसाठी मध्ये असलेल्या संस्थेने हा खर्च, तसेच पुढील देखरेखीसाठी मागितलेली वर्गणी, मसुदा तयार झाल्यावर सांगितली. अर्ज करू इच्छिणाऱ्याने या दोन्ही रकमा पहिल्याच बैठकीत लेखी मागून घ्याव्यात.