झॅबिक्सचे अलर्ट पेजरड्यूटीला जोडून वर्ष झालं, त्याचा अनुभव

आमची कंपनी लॉजिस्टिक्समधली. हेड ऑफिस पुण्यात आणि गोदामं चाकण, भिवंडी, नाशिक, बुटीबोरी आणि गोव्यात वेर्णा अशी पसरलेली. नेटवर्क बघणारे आम्ही पाच जण. राउटर, स्विच, ॲक्सेस पॉइंट, कॅमेऱ्यांचे एनव्हीआर (रेकॉर्डर), यूपीएस असं सगळं धरून चारशेच्या आसपास होस्ट (म्हणजे नजर ठेवायची उपकरणं) झॅबिक्स ह्या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरवर आहेत. झॅबिक्सबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती, लिंक पडली की दोन-तीन मिनिटांत ते बरोबर ओळखायचं. अडचण होती ती पुढची, म्हणजे ओळखल्यावर ते सांगणार कुणाला.

तेव्हा आमच्याकडं मेल होते आणि एक टेलिग्राम ग्रुप होता. मेलचं तुम्हाला माहितीच आहे, पहिला महिना सगळे वाचतात, मग कुणीतरी रूल लावून वेगळा फोल्डर करतो आणि तो फोल्डर परत कधी उघडला जात नाही. एका रात्री पावणेदोनला भिवंडीच्या मोठ्या गोदामाची मेन लिंक गेली, बॅकअपवर गेलीच नाही कारण बॅकअपचा राउटर आठवडाभर आधीच हँग झालेला होता, आणि त्याचाही अलर्ट त्याच फोल्डरमध्ये पडून होता. सकाळी सातला डिस्पॅच सुरू करायला गेले तर स्कॅनर चालेनात, लेबल प्रिंट होईना, गेटबाहेर गाड्यांची रांग लागलेली. मला फोन आला सात चाळीसला. मेल उघडून बघितला तर एक एकोणपन्नासला आलेला, विषय ‘अनअव्हेलेबल बाय आयसीएमपी पिंग’ (म्हणजे होस्ट उत्तर देत नाही), होस्टचं नाव बरोबर, वेळ बरोबर. सहा तास ती माहिती आमच्याकडं होती आणि कुणालाच नव्हती. त्या दिवशी मॅनेजरसमोर उभं राहताना जे वाटलं ते विसरलेलो नाही, म्हणूनच इतकं सविस्तर लिहितोय.

मग अलर्ट आला की ड्यूटीवरच्या माणसाला फोन करणारी सेवा शोधायला लागलो. आधी डोक्यात ऑप्सजिनी होतं, पण अटलासियननं ते बंदच करायला काढलंय, ४ जून २०२५ पासून नवीन विक्री थांबली आणि ५ एप्रिल २०२७ ला सपोर्ट संपणार, त्यामुळं ते बाद. तसंच काम करणाऱ्या ग्राफाना ऑनकॉलची ओपन सोर्स आवृत्ती स्वतःच्या सर्व्हरवर चालवायचा विचार होता, तीही मार्च २०२५ मध्ये मेंटेनन्स मोडवर गेली. शेवटी पेजरड्यूटी घेतलं. जुनं आहे, २००९ मध्ये टोरंटोत सुरू झालेलं, काम एकच, योग्य माणसाला उठवायचं आणि तो उठला नाही तर पुढच्याला उठवायचं.

जोडणी खरंच सोपी आहे. झॅबिक्समध्ये ४.४ आवृत्तीपासून वेबहुक (दुसऱ्या सेवेला इंटरनेटवरून संदेश देणारे) मीडिया टाइप, म्हणजे अलर्ट पाठवायचे मार्ग, आले आणि पेजरड्यूटीचा तयार वेबहुक सोबतच येतो, आपल्याला स्क्रिप्ट लिहायला लागत नाही. पेजरड्यूटीत एक सर्व्हिस बनवायची, तिला इव्हेंट्स एपीआय व्ही-टूचं इंटिग्रेशन लावायचं, जी की मिळते ती झॅबिक्सच्या मीडिया टाइपमध्ये टोकनच्या जागी टाकायची, झॅबिक्स यूआरएलचा ग्लोबल मॅक्रो भरायचा, मग एक वेगळा यूजर करून त्याला तो मीडिया द्यायचा आणि ट्रिगर ॲक्शनमध्ये (ट्रिगर म्हणजे बिघाड ओळखायचा नियम, ॲक्शन म्हणजे तो पेटल्यावर काय करायचं ते) त्या यूजरला पाठवायला सांगायचं. इथं एक गोष्ट बघा, ज्यात आमची अख्खी दुपार गेली, त्या यूजरच्या ग्रुपला होस्ट ग्रुपवर निदान वाचायची परवानगी हवीच. ती नसेल तर टेस्ट बटण दाबलं की मस्त जातं पण खरा अलर्ट कधीच जात नाही, आणि कुठं एररही दिसत नाही, कारण झॅबिक्सच्या दृष्टीनं त्या यूजरला तो होस्ट दिसतच नाही तर कळवायचं कशाला.

दुसरं म्हणजे ॲक्शनमध्ये फक्त ऑपरेशन भरून थांबू नका. रिकव्हरी ऑपरेशन आणि अपडेट ऑपरेशन पण भरा. रिकव्हरी नसेल तर लिंक परत येते पण पेजरड्यूटीत इन्सिडेंट (बिघाडाची नोंद) उघडाच राहतो, आणि माणूस उठून व्हीपीएन लावून बघतो तर सगळं हिरवं. रिकव्हरी असली की झॅबिक्स त्याच इव्हेंट आयडीनं रिझॉल्व्ह पाठवतं. तो इव्हेंट आयडीच पेजरड्यूटीकडं डीडुप की (तोच मेसेज परत आला हे ओळखायची खूण) म्हणून जातो, म्हणजे एकाच प्रॉब्लेमचे कितीही मेसेज गेले तरी तिकडं इन्सिडेंट एकच राहतो, नवा उघडत नाही. मला ह्या जोडीतलं सगळ्यात आवडलेलं काय असेल तर हे, कारण टेलिग्रामवर लिंक पडल्याचा मेसेज कुठला आणि परत आल्याचा कुठला हे रात्री अर्धवट झोपेत जुळवत बसायला लागायचं.

साईटनुसार वेगवेगळ्या सर्व्हिस करायच्या असतील तर प्रत्येकीसाठी मीडिया टाइप क्लोन करत बसू नका. टोकनच्या जागी अलर्ट सेंडटूचा मॅक्रो टाका आणि यूजरच्या मीडियात ‘सेंड टू’ मध्ये त्या त्या सर्व्हिसची की द्या. आमच्याकडं भिवंडी वेगळी, पुणे वेगळं, बाकी एकत्र असं आहे, मीडिया टाइप एकच.

आता खरा मुद्दा. जोडणी अर्ध्या तासाची, पण जोडून झाल्यावर तुमचं मॉनिटरिंग कसं लावलंय ते सगळं बाहेर पडतं. मेलवर जे चाललं ते फोनवर चालत नाही. चौथ्याच दिवशी भिवंडीच्या एका गोदामाचा कोअर स्विच गेला, त्याच्या मागं २२ डिव्हाइस. झॅबिक्सनं प्रामाणिकपणे २३ प्रॉब्लेम काढले, २३ वेगळे इव्हेंट आयडी, तिकडं २३ इन्सिडेंट. त्या रात्री ड्यूटीवर असलेला आमचा सहकारी मला म्हणाला, "दादा, कुठलं ॲक करू तेच कळेना, मी फोन उलटा ठेवला." (ॲक म्हणजे ‘मी बघतोय’ अशी पोच.) नवीन सिस्टीम येऊन चार दिवस आणि माणूस फोन उलटा ठेवतो, म्हणजे परत तोच मेलचा फोल्डर.

ह्यात पेजरड्यूटीची चूक नव्हती आणि झॅबिक्सचीही नव्हती, आम्ही ट्रिगर डिपेंडन्सी (वरचं डिव्हाइस गेलं की खालच्यांचे अलर्ट थांबवणारी जोडणी) लावलेलीच नव्हती. पुढचे तीन आठवडे तेच केलं. ॲक्सेस स्विचचा पिंग ट्रिगर कोअर स्विचवर अवलंबून, कोअरचा राउटरवर, राउटरचा लिंकवर. कंटाळवाणं काम आहे, नेटवर्क डायग्राम समोर घेऊन एकेक लावत जायचं, आणि लावताना आमच्या लक्षात आलं की डायग्राममधल्या तीन अपलिंक प्रत्यक्षात भलत्याच स्विचमध्ये होत्या. पण एवढ्यानं भागत नाही, कारण कधी कधी खालच्या डिव्हाइसचा चेक वरच्याच्या आधी येतो आणि त्याचा अलर्ट निसटतो. त्यावर उपाय म्हणजे ॲक्शनमध्ये मेसेज पहिल्या स्टेपला न पाठवता दुसऱ्या स्टेपला पाठवायचा, मध्ये पाच मिनिटं. तेवढ्यात वरचा ट्रिगर पेटतो आणि खालच्यांचे मेसेज थांबतात, शिवाय जी लिंक दोन मिनिटं जाऊन आपोआप परत येते तिच्यासाठी कुणी उठत नाही. पावसाळ्यात रेडिओ लिंकवर हे रोज होतं. तर आता कोअर गेला की फोन एक येतो, २३ नाही.

सिव्हिरिटीचंही (बिघाड किती गंभीर त्याच्या पातळीचंही) तसंच. झॅबिक्सच्या सहा पातळ्या पेजरड्यूटीच्या चार पातळ्यांत बसवल्या जातात, डिझास्टर म्हणजे क्रिटिकल, हाय म्हणजे एरर, ॲव्हरेज आणि वॉर्निंग दोन्ही वॉर्निंग, उरलेल्या दोन इन्फो. सर्व्हिसमध्ये अर्जन्सी सिव्हिरिटीप्रमाणे ठरव असं सांगितलं की क्रिटिकल आणि एररलाच फोन वाजतो, बाकी सकाळी बघायचं. आमच्याकडं अर्ध्याहून जास्त ट्रिगर उगाच हाय लावलेले होते, टेंप्लेट बनवताना कुणीतरी सगळंच महत्त्वाचं समजून. प्रिंटरची टोनर लेव्हल हायमध्ये! एक शनिवार सगळे बसलो आणि प्रत्येक ट्रिगरला एकच प्रश्न विचारला, ह्यासाठी रात्री तीनला उठशील का. नाही म्हटलं की ॲव्हरेज.

एक छोटी गोष्ट खूप कामाची निघाली. झॅबिक्समध्ये होस्टला टॅग लावले की ते इव्हेंटबरोबर जातात आणि पेजरड्यूटीच्या इन्सिडेंटच्या डिटेलमध्ये दिसतात. आम्ही प्रत्येक राउटरला साईटचं नाव, सर्किट आयडी आणि गेटवरच्या वॉचमन केबिनचा नंबर असे टॅग लावले. गेल्या पावसाळ्यात तीन वाजून दहा मिनिटांनी फोन आला, भिवंडी, राउटर डाउन. अंथरुणातच ॲक केलं, डिटेल उघडलं, केबिनला फोन लावला. तिकडून वॉचमनकाका म्हणाले, "साहेब, दीड वाजल्यापासून लाईटच नाय, जनरेटरवाल्याला उठवलंय, डिझेल घालतोय." लॅपटॉप उघडायची गरज पडली नाही, आयएसपीच्या हेल्पलाइनवर वीस मिनिटं थांबायची गरज पडली नाही. तीन बावन्नला इन्सिडेंट आपोआप रिझॉल्व्ह. यूपीएस बॅटरीवर गेल्याचा ट्रिगर त्याच दिवशी ॲव्हरेजवरून हायला नेला, म्हणजे पुढच्या वेळी राउटर मरायच्या आधीच कळेल.

ड्यूटीचं शेड्यूल हा भाग मनापासून आवडला. आधी एक्सेल शीट होती आणि ती कुणाच्या लॅपटॉपवर कितवी आवृत्ती आहे ते देवाला ठाऊक. आता आठवड्याची पाळी लावलीय, पहिल्यानं दहा मिनिटांत ॲक केलं नाही तर दुसरा, मग मी. गणपतीत आमच्यातला एक जण कोकणात घरी जातोच, रेंजही नसते, तर तो ॲपवरून ओव्हरराइड टाकून पाच दिवस दुसऱ्याच्या नावावर करतो आणि बदल्यात दिवाळीत त्याची पाळी घेतो. कुणाला विचारायला लागत नाही, फोन बरोबर माणसाला जातो. आणि ज्याची पाळी नाही तो शांत झोपतो, ही साधी गोष्ट नाही हो, आधी पाचही जण रोज रात्री अर्धे जागे असायचे.

फोनमध्ये पेजरड्यूटीचे नंबर कॉन्टॅक्ट म्हणून सेव्ह करा आणि डू नॉट डिस्टर्बमधून त्यांना सूट द्या. नंबर अनोळखी दिसतात, माणूस स्पॅम समजून कट करतो. ॲपलाही सायलेंट मोड तोडून वाजायची परवानगी द्यायला लागते, ती मुद्दाम चालू करा.

आता उणीव म्हणाल तर आहेत. हा तयार वेबहुक एकाच दिशेनं चालतो. झॅबिक्समध्ये ॲक केलं तर अपडेट ऑपरेशनमधून पेजरड्यूटीत ॲक होतं, पण पेजरड्यूटीत ॲक केलेलं झॅबिक्सला कळत नाही. रात्री सगळे फोनवरूनच ॲक करतात, त्यामुळं सकाळी झॅबिक्सच्या स्क्रीनवर बघणाऱ्याला वाटतं कुणी हातच लावला नाही. उलट्या दिशेसाठी पेजरड्यूटीचा आउटगोइंग वेबहुक घेऊन झॅबिक्सच्या एपीआयला सांगणारी छोटी स्क्रिप्ट स्वतः लिहायला लागते, आम्ही लिहिली, पायथनमध्ये, पण हे तयार मिळायला हवं होतं असं मला ठाम वाटतं.

त्याहून गंभीर म्हणजे झॅबिक्स सर्व्हरचंच इंटरनेट गेलं तर काय? मीडिया टाइप मुळात तीन वेळा प्रयत्न करतं, दोन प्रयत्नांत दहा सेकंद, मग मेसेज फेल म्हणून सोडून देतं. म्हणजे हेड ऑफिसची लिंक अर्धा तास गेली तर त्या अर्ध्या तासातले अलर्ट कुणालाच जाणार नाहीत, आणि नेमका तोच सगळ्यात मोठा बिघाड असतो. आम्ही सर्व्हरला दुसऱ्या आयएसपीचा रस्ता दिला, शिवाय बाहेर क्लाउडवर एक छोटं मशीन ठेवलंय ज्याला झॅबिक्स दर मिनिटाला हाक मारतं, हाक पाच मिनिटं आली नाही की ते मशीन स्वतः पेजरड्यूटीला कळवतं. हे केल्याशिवाय जोडणी पूर्ण झाली असं कृपया समजू नका.

मेंटेनन्सचं पण लक्षात ठेवा, झॅबिक्समध्ये मेंटेनन्स लावला आणि ॲक्शनमध्ये सप्रेस्ड प्रॉब्लेमसाठी ऑपरेशन थांबवायचा पर्याय चालू असला की पुरतं, पेजरड्यूटीत वेगळं काही करायला लागत नाही.

पैशाचं बोलायचं तर झॅबिक्स फुकट, पेजरड्यूटी माणशी दरमहा डॉलरमध्ये, आणि मोठ्या टीमला ते जाणवणार. पाच माणसांपर्यंत फ्री प्लॅन आहे, आम्ही सुरुवात तिथूनच केली आणि नंतर पैसे भरले. अलर्ट आपोआप एकत्र करणारी हुशार फीचर वरच्या प्लॅनमध्ये आहेत, पण डिपेंडन्सी नीट लावल्यावर आम्हाला त्यांची गरज पडलेली नाही. तुमच्याकडं चोवीस तास माणसं बसलेली नॉक (नेटवर्कवर लक्ष ठेवणारी खोली) असेल तर एवढं सगळं नको, स्क्रीन पुरते. आमच्यासारखी चार-पाच जणांची टीम, साईट लांब लांब, आणि रात्री माल हलतो, त्यांनी नक्की घ्या. माझ्याकडून ५ पैकी ४, एक कापला तो एकतर्फी ॲकसाठी.

घेतलंत तर टेस्ट बटणावर विसंबू नका. एका रात्री साडेअकराला खऱ्या स्विचची अपलिंक खरंच काढा, घड्याळ लावून बघा फोन किती मिनिटांनी आणि कुणाला येतो, उचलू नका, दुसऱ्याला जातो का बघा, मग केबल लावा आणि इन्सिडेंट आपोआप बंद होतो का तेही बघा. आमच्याकडं पहिल्या वेळी अठरा मिनिटं लागली होती, आता सात-आठ लागतात, त्यातली पाच आम्हीच मुद्दाम ठेवलेली.