ग्राहकांच्या संकेतस्थळांसाठी बाहेरचे सल्लागार : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

रत्नागिरीत आमची दोघा भागीदारांची लहान संस्था आहे. आंबा बागायतदार, निवास-न्याहारीची सोय करणारी घरे आणि काजू-कोकमाचे छोटे कारखानदार हे आमचे ग्राहक असून त्यांची संकेतस्थळे आम्ही बहुतांशी वर्डप्रेसवर (संकेतस्थळ बनवण्याच्या तयार प्रणालीवर) उभी करतो. जून २०२४ पर्यंत सगळे काम आम्ही दोघेच करत होतो. पुढे कामे वाढली आणि ग्राहकांची मुंबई-पुण्यात राहणारी मुले असे प्रश्न विचारू लागली, ज्यांची नेमकी उत्तरे आमच्याकडे नव्हती. तेव्हा आम्ही तीन सल्लागार घेतले: वेग आणि गुगलमधील स्थान पाहण्यासाठी पुण्याचे एक गृहस्थ, होस्टिंग (संकेतस्थळ ठेवण्याची सर्व्हरवरची जागा) व सुरक्षिततेसाठी बेंगळुरूचे एक आणि मांडणीसाठी मुंबईच्या एक डिझायनर. एप्रिल २०२५ अखेरपर्यंत सात ग्राहकांची कामे या तिघांच्या साहाय्याने झाली. पैसे वसूल झाले का, असे व्यवसायबंधू विचारतात. झाले; परंतु सल्लागाराचे बिल हा या व्यवस्थेचा निम्माच खर्च आहे. उरलेला निम्मा आपल्या वेळातून जातो आणि तो कोणत्याही कोटेशनात लिहिलेला नसतो.

सर्वांत स्पष्ट लाभ पुण्याच्या सल्लागारांकडून झाला. रत्नागिरीजवळच्या पावस गावच्या एका बागायतदारांचे संकेतस्थळ मोबाइलवर उघडायला फार वेळ लागतो, अशी तक्रार होती आणि आम्ही होस्टिंगला दोष देऊन मोकळे झालो होतो. त्यांनी पहिल्याच बैठकीत दाखवून दिले की होस्टिंग ठीक आहे. पहिल्या पडद्यावरचे मोहोराचे छायाचित्र फोनमधून निघाले तसेच, जवळपास ५ एमबीचे, चढवलेले आहे आणि वेग वाढावा म्हणून आम्हीच बसवलेले एक प्लगिन (वर्डप्रेसला जोडायचा छोटा प्रोग्राम) नेमके तेच छायाचित्र ‘लेझी लोड’ करून सर्वांत शेवटी मागवत आहे. पानाच्या खालच्या भागातील चित्रांसाठी ही युक्ती योग्य असते, पण पान उघडताच जे दिसायला हवे त्यालाच ती लावली तर परिणाम उलटा होतो. पडद्यावरचा सर्वांत मोठा घटक २.५ सेकंदांच्या आत दिसावा, असा गुगलचा निकष आहे. आमच्या पानाला ६ सेकंदांहून अधिक वेळ लागत होता. चित्र योग्य रुंदीत वेबपी या कमी जागा घेणाऱ्या स्वरूपात आणले, फॉन्टचे पाच जाडीचे प्रकार होते त्यांतले दोनच ठेवले आणि फिरत्या चित्रांची पट्टी काढून टाकली, तेव्हा तो वेळ २.३ सेकंदांवर आला. ती पट्टी बागायतदारांना अतिशय प्रिय होती, त्यामुळे ती काढण्याची परवानगी घेण्यासाठी मला पावसला दोन खेपा घालाव्या लागल्या. या खेपा सल्लागारांच्या बिलात नव्हत्या, हे सांगायला नकोच.

गुहागरच्या एका घराच्या बाबतीत त्यांनी जे केले ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. आमच्या दृष्टीने त्या संकेतस्थळाचा गाभा म्हणजे खोल्यांची छायाचित्रे आणि घरगुती जेवण. त्यांनी गुगलच्या सर्च कन्सोलमध्ये (लोक काय शोधून संकेतस्थळावर येतात ते दाखवणारे साधन) पाहिले तर लोक दाभोळची फेरीबोट किती वाजता सुटते आणि चिपळूण स्थानकावरून गुहागरला कसे यायचे, हे शोधत त्या पानापर्यंत येत होते आणि तिथे उत्तर नसल्यामुळे लगेच परत जात होते. आम्ही जन्मापासून फेरीबोटीने जा-ये करणारी माणसे. हे कोणाला विचारावेसे वाटत असेल, अशी शंकादेखील आम्हाला आली नव्हती. दाभोळ-धोपावे फेरी, चिपळूणहून साधारण ४५ किलोमीटरचा रस्ता, एसटीची सोय, मुक्काम उशिरा गाठणाऱ्यांसाठी सूचना असे एक साधे पान आम्ही लिहिले, आणि आता फोन करणारे पाहुणे त्या पानाचा उल्लेख करतात. बाहेरच्या माणसाला आपले घर अनोळखी असते, याचा असाही उपयोग होतो.

मांडणीच्या कामात मात्र हाच अनोळखीपणा आडवा आला. मुंबईच्या डिझायनर आपल्या कामात निष्णात आहेत, परंतु त्यांचे नमुने इंग्रजी मजकुरावर बेतलेले असत आणि मराठी मजकूर शेवटी त्यात ओतला जाई. शीर्षकांना ऐसपैस रूप यावे म्हणून त्यांनी अक्षरांमधले अंतर वाढवले आणि शिरोरेषा जागोजागी तुटली. ओळींमधले अंतर इंग्रजीच्या मापाने ठेवल्यामुळे वेलांट्या आणि रफार वरच्या ओळीला जाऊन भिडले. ‘किनाऱ्यावरचे घर’ हे शीर्षक तर ‘किनार्यावरचे घर’ होऊन आले, आणि घरमालक काकांनी फोनवर एवढेच विचारले, “अहो, ही आमचीच पाटी आहे ना?” त्या बाईंनी मनात काहीही न ठेवता सुधारणा केल्या, हे आवर्जून लिहायला हवे. तेव्हापासून आम्ही पहिल्या नमुन्यासोबतच खरा मराठी मजकूर पाठवतो आणि त्यात ‘ऱ्या’, ‘र्की’, ‘ङ्म’ अशी अक्षरे मुद्दाम येतील, याची काळजी घेतो. नमुने तपासायला आता पूर्वीच्या निम्माच वेळ लागतो.

सर्वांत महाग चूक मार्चच्या पहिल्या आठवड्यात घडली. पावसच्या बागायतदारांची पेट्यांची आगाऊ नोंदणी नुकतीच सुरू झाली होती आणि संकेतस्थळ नव्या सर्व्हरवर हलवायचे होते. बेंगळुरूच्या सल्लागाराने नेमसर्व्हरच (डोमेनच्या, म्हणजे संकेतस्थळाच्या पत्त्याच्या, सगळ्या नोंदी ठेवणारे सर्व्हर) बदलून टाकले. संकेतस्थळ विनातक्रार चालू झाले, परंतु जुन्या ठिकाणच्या एमएक्स नोंदी (ईमेल कुठे पोहोचवायचे ते सांगणाऱ्या) नव्या ठिकाणी नेलेल्या नसल्यामुळे ईमेल बंद पडले. ज्या सोसायट्या दरवर्षी ईमेलने पेट्या सांगतात, त्यांच्याकडून दीड दिवस काहीच आले नाही, तेव्हा कुठे आम्हाला शंका आली. वास्तविक केवळ ए नोंद, म्हणजे संकेतस्थळ कोणत्या सर्व्हरवर आहे ते सांगणारी नोंद, बदलून भागले असते. आदल्या दिवशी टीटीएल (जुनी नोंद किती वेळ ग्राह्य धरली जाते ती मुदत) ३०० सेकंदांवर आणून आणि सगळ्या नोंदींची प्रत काढून ठेवली असती तर चूक झाली तरी ती काही मिनिटांत निस्तरली असती. दोष सल्लागाराचा होता, पण डोमेनचे पूर्ण लॉगिन त्याच्या हाती आम्हीच दिले होते, आणि बागायतदारांनी जाब विचारला तो आम्हाला. ते योग्यच होते, कारण त्यांनी बेंगळुरूच्या सल्लागाराचे नावही कधी ऐकले नव्हते. आता डोमेन ग्राहकाच्याच नावावर राहते, त्याची चावी आमच्याकडे असते, आणि सल्लागाराने काय बदलायचे ते लिहून द्यायचे व प्रत्यक्ष बदल आम्ही करायचा, अशी पद्धत आहे. यात सल्लागाराचा वेळ वाचतो आणि आमचा जातो.

दिनदर्शिकेचा प्रश्न दिसायला किरकोळ आहे, पण तो वारंवार येतो. गणपतीच्या दिवसांत आणि शिमग्याला पालखी घरोघरी फिरत असताना कोकणातला ग्राहक मजकूर तपासून देईल, ही अपेक्षा व्यर्थ आहे, आणि एप्रिल-मे मध्ये बागायतदाराला फोन करणे म्हणजे त्याचा आणि आपला दोघांचाही अपमान आहे. एका सल्लागाराने मंजुरीची मुदत बरोबर शिमग्यात ठेवली आणि मुदत उलटली म्हणून कराराप्रमाणे वाढीव रक्कम मागितली. आम्ही ती दिली. त्यानंतरच्या प्रत्येक करारात कामाच्या तारखा आम्हीच सुचवतो.

पैशांविषयी थोडे तपशिलाने लिहिणे आवश्यक आहे. आमची उलाढाल २० लाखांच्या आत असल्यामुळे आम्ही जीएसटीसाठी नोंदणी केलेली नाही. परिणामी सल्लागाराच्या बिलावरील १८ टक्के कर आम्हाला परत मिळत नाही आणि तो सरळ खर्चात जातो. हे पहिल्या दोन कोटेशनांत आम्ही विसरलो. भागीदारी संस्था असल्यामुळे तेव्हाच्या आयकर कायद्याच्या कलम १९४जे प्रमाणे आम्हाला टीडीएस (बिलातून आधीच कापून सरकारकडे भरायचा आयकर) कापावा लागला. २०२४-२५ मध्ये ही कपात लागू होण्याची मर्यादा एका वर्षाला ३०,००० रुपये होती आणि १ एप्रिल २०२५ पासून ती ५०,००० झाली. व्यावसायिक सेवा म्हणून १० टक्के कापायचे की तांत्रिक सेवा म्हणून २ टक्के, यावर एका सल्लागाराशी तीनदा पत्रव्यवहार झाला. शेवटी आमच्या सीएंनी सांगितले त्याप्रमाणे १० टक्के कापले. तासाच्या दराने काम देणे आम्ही पूर्ण बंद केले आहे, कारण तास मोजण्याची सोय त्यांच्याकडे असते आणि ग्राहकाने ठराव केलेला असतो तो एकरकमी.

गुहागरच्या घरासाठी एका सल्लागाराने खोल्यांच्या आरक्षणाचे छोटे प्लगिन लिहून दिले. ते आपलेच आहे, असे सर्वांनी गृहीत धरले होते. कॉपीराइट कायदा, १९५७ पाहिला तेव्हा समजले की बाहेरच्या व्यक्तीने लिहिलेल्या कोडचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, तो लिहिणाराच असतो. केवळ पैसे दिल्याने हक्क ग्राहकाकडे जात नाहीत. हस्तांतरण लेखी आणि सहीचे हवे, आणि त्यात मुदत व प्रदेश लिहिला नसेल तर कलम १९ प्रमाणे ते पाच वर्षांपुरते आणि भारतापुरते मानले जाते. सल्लागार सज्जन निघाले आणि एका पानाच्या कागदावर त्यांनी सही करून दिली. प्रत्येक वेळी असेच होईल, या भरवशावर आम्ही राहिलो नाही. तो कागद आता आगाऊ रकमेसोबतच जातो.

पुण्याच्या सल्लागारांशी आम्ही आणखी एका वर्षाचा करार केला आहे. मुंबईच्या डिझायनर कामागणिक येतात. बेंगळुरूशी व्यवहार थांबवला असून होस्टिंगचे काम माझे भागीदार शिकत आहेत. त्यांचे पहिले स्थलांतर जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, शेवटच्या पेट्या रवाना झाल्यावर, पावसच्याच संकेतस्थळाचे ठरले आहे, आणि एमएक्स नोंदींची छापील प्रत त्यांनी आतापासूनच भिंतीला चिकटवून ठेवली आहे.