एस्क्रोचे पैसे एस्क्रोपर्यंत पोहोचलेच नाहीत

एस्क्रो आणि टायटल इन्शुरन्स, म्हणजे घराच्या मालकीतील दोषांविरुद्धचा विमा, या दोन व्यवस्था असल्या की अमेरिकेतील घरखरेदीत पैसे बुडण्याची भीती नाही, असा समज येथे पहिले घर घेणाऱ्या आपल्या मंडळींत सर्रास आढळतो. आमच्या कॅलिफोर्नियातील व्यवहारात दोन्ही व्यवस्था होत्या आणि दोन्ही आपापल्या जागी चोख होत्या. तरीही डाउन पेमेंटची जवळजवळ सर्व रक्कम भामट्यांच्या खात्यात गेली.

एस्क्रो म्हणजे खरेदीदार आणि विक्रेता या दोघांच्याही बाजूचा नसलेला तिसरा पक्ष. इसाराची रक्कम, कर्ज देणाऱ्या बँकेचे पैसे आणि विक्रेत्याने सही केलेले खरेदीखत त्याच्याकडे जमा होते आणि करारातील सर्व अटी पूर्ण झाल्यावरच खरेदीखत काउंटीच्या दप्तरी नोंदवले जाऊन पैसे विक्रेत्याला मिळतात. एस्क्रोत पोहोचलेल्या पैशाला हे संरक्षण असते. आपल्या बँकेतून निघून तेथे पोहोचेपर्यंत मात्र त्या पैशाला कोणी वाली नसतो, आणि चोरांना हे आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते.

क्लोजिंगच्या, म्हणजे व्यवहार पूर्ण होऊन घर नावावर होण्याच्या, आदल्या दिवशी एस्क्रो अधिकाऱ्याच्या नावाने मेल आला. तो नव्याने सुरू केलेला नव्हता. आमच्या जुन्या पत्रव्यवहारालाच दिलेले उत्तर होते. त्यात फाइल क्रमांक, घराचा पत्ता, कंपनीचे बोधचिन्ह आणि क्लोजिंग डिस्क्लोजरवर (कर्जाच्या व खर्चाच्या अंतिम हिशेबपत्रावर) छापलेली रक्कम, सारे काही सेंटपर्यंत बरोबर होते. ऑडिट सुरू असल्यामुळे नेहमीचे खाते तात्पुरते बंद आहे, तरी सोबत दिलेल्या खात्यात रक्कम वायर करावी, म्हणजे बँकेतून थेट पाठवावी, एवढीच विनंती होती. पत्नीने खात्री करण्यासाठी मेलच्या तळाशी दिलेल्या क्रमांकावर फोन केला, तेव्हा पलीकडच्या बाईंनी अतिशय सौजन्याने खाते क्रमांक पुन्हा वाचून दाखवला. तो फोनही चोरांचाच होता. व्यवहारातील एका एजंटची मेलपेटी बऱ्याच काळापासून कोणीतरी वाचत होते आणि ज्या पत्त्यावरून मेल आला त्यात कंपनीच्या खऱ्या पत्त्यातील एक अक्षर बदललेले होते, हे पुढे उघड झाले.

वायरच्या अर्जावर लाभार्थी म्हणून एस्क्रो कंपनीचे नाव होते, तर खाते भलत्याच व्यक्तीचे होते. बँकेने हे पकडायला नको होते का, असे साहजिकच वाटते. परंतु युनिफॉर्म कमर्शियल कोड या व्यापारी व्यवहारांच्या कायद्याच्या ४ए अनुच्छेदानुसार, नाव आणि क्रमांक यांतील तफावत पैसे स्वीकारणाऱ्या बँकेला प्रत्यक्ष ठाऊक नसेल, तर तिला केवळ खाते क्रमांकावर विसंबता येते. दोन्ही जुळतात की नाही हे तपासण्याचे बंधन तिच्यावर नाही.

त्यानंतर आम्ही टायटल कंपनीकडे दाद मागितली आणि या विम्याची हद्द तेथे नेमकी कळली. टायटल इन्शुरन्स पाहतो तो घराचा भूतकाळ. खोट्या सहीचे जुने खरेदीखत, अचानक उगवलेला वारस, थकलेल्या कराचा बोजा, पैसे न मिळालेल्या कंत्राटदाराचा दावा, अशा पॉलिसीच्या तारखेआधीच्या दोषांसाठी तो असतो. त्यातही बँकेची पॉलिसी फक्त बँकेच्या कर्जाचे रक्षण करते आणि मालकाची पॉलिसी वेगळी घ्यावी लागते. हप्ता एकदाच भरायचा असतो. वायरची चोरी हा घराच्या मालकीतील दोष नव्हे. शिवाय आमचे क्लोजिंगच झाले नव्हते, त्यामुळे मालकाची पॉलिसी अस्तित्वातच आली नव्हती. क्लोजिंग प्रोटेक्शन लेटर नावाचे एक पत्र असते, पण ते मुख्यतः क्लोजिंग करणाऱ्या एजंटच्या स्वतःच्या अप्रामाणिकपणापुरते असते. एस्क्रो कंपनीने उत्तर दिले की पैसे आमच्याकडे आलेच नाहीत आणि अशा फसवणुकीची सूचना आम्ही प्रत्येक मेलखाली देतो. ती सूचना खरोखरच होती, फिकट करड्या रंगात आणि भिंगाने वाचण्याजोगी!

चोरी लक्षात येताच करायच्या गोष्टी थोड्या आहेत, पण त्या तासाभरात करायला हव्यात. आपल्या बँकेच्या फसवणूक विभागाला फोन करून वायर परत मागवण्याची लेखी विनंती द्यावी, पैसे स्वीकारणाऱ्या बँकेलाही कळवावे आणि एफबीआयच्या आयसी३ या इंटरनेट गुन्ह्यांच्या तक्रारींसाठीच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. बँकांशी संपर्क साधून अशी खाती गोठवण्यासाठी एफबीआयने २०१८ मध्ये वेगळे पथक स्थापन केले आहे. पहिल्या दोन-तीन दिवसांनंतर मात्र त्याच्याही हाती फारसे काही राहत नाही. आमच्या रकमेतील काही भाग गोठवला गेला आणि महिन्यांनंतर परत मिळाला. उरलेला पुढच्या खात्यांत पांगला होता.

दरम्यान विक्रेत्याशी झालेला करार लागूच होता, ही बाब घाईगडबडीत सहज निसटते. पैसे चोरीला गेले म्हणून खरेदीदाराची जबाबदारी संपत नाही. कंटिन्जन्सी, म्हणजे खरेदीदाराला करारातून बाहेर पडू देणाऱ्या अटी, काढून टाकलेल्या असतील आणि नुकसानभरपाईच्या कलमावर दोन्ही पक्षांच्या आद्याक्षरी सह्या असतील, तर कॅलिफोर्नियात राहत्या घराच्या व्यवहारात किमतीच्या ३ टक्क्यांपर्यंतचा इसार विक्रेता ठेवून घेऊ शकतो. आमच्या विक्रेत्याने लेखी मुदतवाढ दिली, म्हणून एस्क्रोत आधीच पोहोचलेला इसार तेवढा वाचला.