फुकट सोडवून दिलेली एक फाइल

फायलींना कुलूप घालून चावीसाठी खंडणी मागणाऱ्या व्हायरसने, म्हणजे रॅन्समवेअरने, आमच्या फायली बंद केल्या, पण तो सोडणाऱ्या टोळीला आम्ही एक रुपयाही दिला नाही. पैसे गेले ते त्यानंतर मदतीला धावून आलेल्या माणसाकडे. 'डेटा रिकव्हरी एक्स्पर्ट' म्हणवणारे हे लोक कसं काम करतात हे फार थोड्यांना माहीत असतं, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

मी सांगलीत घरून लग्नाचे अल्बम डिझाइन करून देते. फोटोग्राफर हार्डडिस्कवर फोटो देतात, मी शीट लावते, पार्टीने पास केली की जेपीईजी लॅबला जातात. २०२२ मध्ये तुळशीची लग्नं उरकून सीझन सुरू झाला आणि नेमका कॉम्प्युटर रडतखडत चालायला लागला. दुकानातला मुलगा येऊन विंडोज नव्याने टाकून गेला. ते ॲक्टिव्हेट करायला त्याने इंटरनेटवरून कुठला तरी फुकटचा ॲक्टिव्हेटर उतरवला होता. "ताई, अँटिव्हायरस पाच मिनिटं बंद ठेवतो, नाहीतर तो ही फाइल उडवतो," असं म्हणाला आणि काम करून, सर्व्हिसिंगचे पैसे घेऊन गेला.

तो गेल्यावर सीपीयूचा पंखा घरघरायला लागला आणि हार्डडिस्कचा दिवा विझेना. फोल्डर उघडला तर नवरा-नवरीच्या फोटोंच्या जागी पांढरे कोरे चौकोन. प्रत्येक फाइलच्या नावात जेपीजीच्या पुढे आणखी चार अक्षरांचं अगम्य शेपूट लागलेलं, आणि प्रत्येक फोल्डरमध्ये रीडमी नावाची एक टेक्स्ट फाइल. तिच्यात लिहिलं होतं, चावीची किंमत ९८० डॉलर. ७२ तासांत संपर्क केलात तर निम्मी, ४९० डॉलर. म्हणजे त्या वेळच्या भावाने ऐंशी हजार आणि चाळीस हजार रुपये. शिवाय, आमच्याकडे चावी खरोखर आहे याची खात्री पटावी म्हणून तुमची एक फाइल आम्ही फुकट सोडवून देऊ, मात्र तिच्यात काही मौल्यवान माहिती असता कामा नये.

या कुळाला स्टॉप किंवा डीजेव्हीयू म्हणतात. २०१७ च्या अखेरीपासून ते फिरतं आहे. कंपन्या, हॉस्पिटलं गाठून कोटींची मागणी करणाऱ्या टोळ्या वेगळ्या. हे येतं ते क्रॅक, कीजेन, ॲक्टिव्हेटर अशा, विकतचं सॉफ्टवेअर फुकट चालवून देणाऱ्या प्रोग्रामांच्या पोटातून, त्यामुळे त्याची गिऱ्हाइकं बहुतेक घरगुती कॉम्प्युटरवालीच. चालू झाल्यावर ते आधी आपण कुठल्या देशात आहोत ते बघतं. रशिया, बेलारूस, कझाकस्तान अशा ठरावीक देशांत असेल तर काही न करता गप्प बसतं. आपला देश त्या यादीत नाही.

ओळखायची आणखी एक खूण आहे. बाकीच्या वेबसाइट धडाधड उघडत होत्या, पण अँटिव्हायरस कंपन्यांच्या आणि मदत मिळेल अशा वेबसाइट काही केल्या उघडेनात. विंडोजच्या होस्ट्स नावाच्या फाइलमध्ये हे रॅन्समवेअर त्यांची नावं घालून वाट अडवून ठेवतं. मदत शोधायची तर मोबाइलवरून. आमच्या ह्यांनी आधी वायफाय बंद केलं आणि बाहेरची हार्डडिस्क काढली ते फार बरं झालं, कारण जोडलेली प्रत्येक डिस्क त्याच्या तावडीत सापडते. वर दर पाच मिनिटांनी स्वतःला पुन्हा उठवायची सोयही ते विंडोजच्या टास्क शेड्यूलरमध्ये (ठरल्या वेळी प्रोग्राम चालू करणाऱ्या भागात) करून ठेवतं. घाबरून फोटो वाचवायला कोणी नवीन पेनड्राइव्ह लावली, तर तीही गेलीच.

दुकानातल्या मुलाला फोन केला तर म्हणाला, "फॉरमॅट मारतो की, त्यात काय!" हे मात्र कोणाला करू देऊ नका. फॉरमॅटने व्हायरस जाईल, पण बंद फायलीही जातील आणि त्यांच्याबरोबर ती रीडमी आणि सी ड्राइव्हमधल्या सिस्टिमआयडी फोल्डरमधला तुमचा पर्सनल आयडीही जाईल. पुढे कधी चावी मिळाली तर ती लागू होते का हे त्या आयडीवरूनच कळतं. उलट बाजूही सांगते. नुसता व्हायरस काढून टाकल्याने फायली उघडत नाहीत. चोर घराबाहेर काढला तरी त्याने लावलेलं कुलूप तसंच राहतं.

आता तो एक्स्पर्ट. त्या चार अक्षरी शेपटाचं नाव टाकून शोधल्यावर एक व्हिडिओ दिसला, 'शंभर टक्के रिकव्हरी', खाली व्हॉट्सॲप नंबर. माणूस स्वच्छ मराठी बोलत होता, पुण्यात लॅब आहे म्हणाला. "मॅडम, टेन्शन घेऊ नका. आधी सॅम्पल करून दाखवतो, पटलं तरच पैसे." त्याने रीडमी मागितली आणि एक बंद फाइल मागितली. "मोठी नको, महत्त्वाचीही नको. साधी एखादी द्या."

मी हळदीच्या अल्बममधला एक फोटो पाठवला. दुसऱ्या दिवशी तो जसाच्या तसा उघडून परत आला. मुंडावळ्यांच्या मोत्यांपर्यंत सगळं लख्ख. फोटो उघडलेला बघितल्यावर घरात कोणाला शंका उरली नाही. माझा मावसभाऊ, जो नेटवर्किंगमध्ये काम करतो, तोही म्हणाला की ज्याने एक फाइल सोडवली तो बाकीच्याही सोडवेल.

सगळी मेख इथे आहे. ती फाइल त्या माणसाने सोडवलेलीच नव्हती. त्याने आमच्या रीडमीतल्या पत्त्यावर आमचाच आयडी घालून टोळीला मेल केला, आमची फाइल जोडली, आणि टोळी सगळ्यांना देते तो फुकटचा नमुना घेऊन आमच्यापुढे ठेवला. साधी फाइल द्या, महत्त्वाची नको, ही अटही त्याची नव्हे, टोळीची. एक दिवस लागला तोही पलीकडून उत्तर येईपर्यंतचा. तुम्ही स्वतः तो मेल केला असता तर तुमचीही एक फाइल अशीच उघडून आली असती, आणि त्यावरून तुम्ही 'एक्स्पर्ट' ठरला नसता.

हा धंदा काही आपल्याकडेच चालतो असं नाही. २०१९ मध्ये एमसिसॉफ्ट या सुरक्षा कंपनीचे फाबियन वोसर यांनी एक खोटं रॅन्समवेअर रचलं, त्याचे बळी आणि हल्लेखोर दोन्ही स्वतःच झाले आणि स्कॉटलंडमधल्या एका रिकव्हरी कंपनीकडे मदत मागितली. कंपनीने मागच्या दाराने हल्लेखोराशी, म्हणजे वोसर यांच्याशीच, घासाघीस करून भाव ९०० डॉलरपर्यंत उतरवला आणि पुढच्या दाराने बळी बनलेल्या वोसर यांना ३,९५० डॉलरचा आकडा सांगितला. खंडणी भरणार आहोत याचा चकार शब्द नाही. ती निदान दलाली तरी होती. आमच्या माणसाचा हिशोब मांडून बघा. टोळीचा कमीत कमी भाव चाळीस हजार, आणि हा मागत होता तीस हजार. चावी विकत आणून तो आम्हाला देणं शक्यच नव्हतं, म्हणजे चावी आणायचा त्याचा विचारच नव्हता.

पंधरा हजार ॲडव्हान्स गेले. मग निरोप आला की तुमची ऑनलाइन की आहे, ती तोडायला परदेशातला सर्व्हर भाड्याने घ्यावा लागतो, त्याचे साडेसात हजार. तेही दिले. शेवटी त्याने एक 'डिक्रिप्टर', म्हणजे कुलूप उघडणारा प्रोग्राम, पाठवला आणि म्हणाला, "चालवताना अँटिव्हायरस बंद ठेवा, नाहीतर तो उडवेल." हे वाक्य आमच्या घरात एकदा बोलून झालं होतं, तेही त्याच टेबलाशी. मावसभावाने फाइल चालवू दिली नाही, आणि तिच्यात काय आहे असं विचारताच नंबर बंद. त्या फाइलमध्ये काय होतं ते आम्ही बघितलं नाही. पण जून २०२० मध्ये स्टॉपचा डिक्रिप्टर म्हणून फिरवलेला असाच एक प्रोग्राम प्रत्यक्षात झोरॅब नावाचं दुसरं रॅन्समवेअर निघाला होता, आधीच बंद असलेल्या फायलींवर दुसरं कुलूप घालणारं.

'ऑनलाइन की' हा शब्द त्याने कुठून तरी उचलला होता, पण तो खरा आहे. व्हायरस चालू होताना त्याला आपल्या सर्व्हरशी बोलता आलं तर तो तुमच्यासाठी वेगळी चावी आणतो. बोलता आलं नाही तर पोटात ठेवलेली एकच चावी वापरतो, आणि त्या प्रकारच्या सगळ्या बळींची चावी एकच असते. अशा वेळी पर्सनल आयडीच्या शेवटी टी१ असतं. कोणी एकाने पैसे भरून ती चावी मिळवून संशोधकांना दिली की सगळ्यांच्या फायली सुटतात. एमसिसॉफ्टने मायकेल गिलेस्पी या संशोधकांबरोबर ऑक्टोबर २०१९ मध्ये काढलेला फुकट डिक्रिप्टर तेव्हा १४८ प्रकारांवर चालत होता. मात्र ऑगस्ट २०१९ नंतरच्या प्रकारांत ऑनलाइन चावी असेल तर तो हतबल आहे, कारण ती आरएसए-२०४८ या पक्क्या सांकेतिक कुलपाने बांधलेली असते. ती भाड्याच्या सर्व्हरवर तुटत नाही. कोणीही 'तोडतो' म्हणाला की फोन ठेवा. आपल्याला कोणतं रॅन्समवेअर लागलं आहे हे आयडी रॅन्समवेअर आणि नो मोअर रॅन्सम या दोन वेबसाइटवर फुकट कळतं. दुसरा उपक्रम २०१६ मध्ये डच पोलीस, युरोपोल आणि दोन सुरक्षा कंपन्यांनी सुरू केला आहे.

आमचा आयडी टी१ नव्हता. तरीही बरंच परत मिळालं, आणि ते कुठल्याही एक्स्पर्टशिवाय. स्टॉप घाईत असतं, मोठ्या फाइलचे पहिले साधारण १५० केबीच बंद करतं. त्यामुळे लग्नाचे व्हिडिओ वाचले. मीडिया रिपेअर नावाचा फुकट प्रोग्राम आहे, त्याला त्याच कॅमेऱ्याचा एक चांगला व्हिडिओ नमुना म्हणून द्यायचा, तो बिघडलेल्याचं डोकं नव्याने बसवतो. झिप केलेले फोल्डर सेव्हन-झिपने उघडले, सुरुवातीच्या एक-दोन फायली सोडून बाकी आलं. फोटोग्राफरनी मेमरी कार्ड कॅमेऱ्यात फॉरमॅट केली होती, पण ज्यांवर नवीन शूट झालं नव्हतं त्यांतून फोटोरेक या पुसलेले फोटो शोधणाऱ्या प्रोग्रामने मूळ फोटो काढले. पास झालेली शीट लॅबकडे पडून होती. चालू कामाच्या पीएसडी, म्हणजे फोटोशॉपच्या मूळ फायली, मात्र गेल्या, त्या पुन्हा लावल्या, रात्री जागून. हे सगळं करण्याआधी बंद फायलींची रीडमीसकट एका वेगळ्या डिस्कवर कॉपी काढली आणि मगच दुसऱ्या कॉम्प्युटरवर बनवलेल्या पेनड्राइव्हवरून विंडोज कोरं टाकलं. या वेळी लायसन्स विकत घेऊन.

बहुतेक लोक इथे थांबतात, आणि खरा घाव पुढे बसतो. स्टॉपबरोबर पुष्कळदा ॲझोरल्ट, विडार किंवा रेडलाइन असा पासवर्डचोरही येतो. फायलींचा गोंधळ चालू असताना तो ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि लॉगिन उचलून नेतो. आमच्या कामाच्या इन्स्टाग्राम पानावर महिनाभराने क्रिप्टोच्या जाहिराती दिसू लागल्या तेव्हा हे कळलं. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ मोबाइलवरून, ईमेलचा सगळ्यात आधी, आणि प्रत्येक ठिकाणी 'सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट' करून. नाहीतर चोरलेलं लॉगिन पासवर्ड बदलूनही चालू राहतं.

खंडणी भरावी का, असं फोटोग्राफर मंडळी विचारतात. माझं मत नाही असं आहे, आणि ते काही फक्त तत्त्वाचं नाही. जून २०१७ मध्ये न्हावाशेवाच्या जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल नॉटपेट्या नावाच्या व्हायरसने ठप्प केलं, तेव्हा खंडणीसाठी दिलेला ईमेल पत्ता त्या मेल कंपनीने बंदच करून टाकला होता. पैसे भरूनही चावी मागायची कोणाकडे, हा प्रश्न जगभरच्या बळींना पडला. स्टॉपवाले पुष्कळदा चावी देतात म्हणे. पण चाळीस हजारांत आमच्या उरलेल्या पीएसडी नव्याने लावून झाल्या असत्या.

पैशांची तक्रार १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच करा. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वरही करता येते. ट्रान्झॅक्शनचा यूटीआर नंबर, चॅट आणि त्या व्हिडिओचा पत्ता हाताशी ठेवा. जितक्या लवकर कराल तितके पैसे समोरच्याच्या खात्यात अडकायची शक्यता जास्त. आमचे दुसऱ्या वेळचे साडेसात हजार असेच होल्ड झाले, पहिले पंधरा तोपर्यंत पुढच्या खात्यांत फुटले होते. होल्ड झालेले सोडवून घ्यायचं काम चालू आहे.

बंद फायलींची डिस्क मी जपून ठेवली आहे. टेस्लाक्रिप्ट या दुसऱ्या एका रॅन्समवेअरच्या टोळीने मे २०१६ मध्ये मुख्य चावी आपणहून जाहीर केली होती. एप्रिल २०२० मध्ये शेड या आणखी एका रॅन्समवेअरच्या टोळीने दुकान बंद करताना साडेसात लाख चाव्या टाकून दिल्या. स्टॉपचं तसं काही झालं तर नो मोअर रॅन्समवर फुकट कळेल. तो पुण्याचा माणूस मात्र नवीन नंबर आणि नवीन नाव घेऊन तोच व्हिडिओ चालवतो आहे, गेल्या महिन्यात मिरजेच्या एका फोटोग्राफरकडेही त्याने रीडमी आणि एक साधी फाइल मागितली.